सिगारेट कमी केली आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं

ताई, आधी तुम्ही लिहिलेलं मला नीट समजलंय का ते सांगते. तुमचे मिस्टर ४१ वर्षांचे, घोडबंदर रोडला राहता, नोकरी ऐरोलीला. पंधरा-सोळा वर्षं रोजच्या बारा-चौदा सिगारेटी. वरच्या दाढा हलायला लागल्या म्हणून ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी भूल देऊन, चार वेळा बोलावून डीप क्लिनिंग, म्हणजे हिरडीखाली मुळांची सफाई केली. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तर काही दातांभोवती अजून ६ आणि ७ मिलिमीटरची पॉकेट्स (हिरडी दातापासून सुटून झालेल्या खाचा) निघाली, म्हणून आता फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उघडून मुळं साफ करायची सर्जरी सांगितली आहे आणि सिगारेट बंद करायला सांगितली आहे. मिस्टरांनी ती पाचवर आणली. पण आयुष्यात कधी आलं नव्हतं ते रक्त आता ब्रश करताना येतं, त्यामुळे क्लिनिंगनंच हिरड्या बिघडल्या असं घरात सगळ्यांना वाटतंय. सासूबाई म्हणतात, मिश्री लाव, घट्ट होतील. आणि तुमचे प्रश्न तीन: हे रक्त कशाचं, पाच सिगारेटी चालतील का, आणि सर्जरीनंतर किती दिवस बंद ठेवावी लागेल.

मी नौपाड्यात गेली २२ वर्षं फक्त हिरड्यांचंच काम करते. मिस्टरांचं तोंड मी पाहिलेलं नाही, एक्स-रे पाहिलेला नाही. त्यामुळे सर्जरी करा किंवा करू नका असं मी इथून सांगणार नाही, ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण तुमच्या तिसऱ्या प्रश्नात मला मूळ अडचण दिसते. सिगारेट म्हणजे सर्जरीनंतरचं पथ्य, जसं चार दिवस तिखट नको, गरम नको, तसं तुम्ही धरून चालला आहात. ते पथ्य नाही. मिस्टरांच्या आजारातला अर्धा आजार तोच आहे, आणि तो सर्जरीच्या आधी हाताळायचा असतो.

रक्तापासून सुरू करते, कारण तिथे सगळ्यांचीच फसगत होते.

दाताच्या मुळाशी जंतूंचा थर साचला की हिरडीला सूज येते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि ब्रशचा धक्का लागला की रक्त येतं. न ओढणारा माणूस ते रक्त बघून घाबरतो आणि वेळेत येतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत निकोटिन त्या रक्तवाहिन्या आवळून ठेवतं. वर्षानुवर्षं हे चाललं की हिरडी फिकट, जाड आणि घट्ट दिसायला लागते. आरशात पाहिली तर अगदी ठणठणीत वाटते. सूज आत असते, हाड आतल्या आत खाली जात असतं, फक्त बाहेर खूण दिसत नाही. माझ्याकडे येणारे ओढणारे पेशंट बहुतेक एकच वाक्य बोलतात, ‘डॉक्टर, रक्त तर कधी आलंच नाही.’ आणि मी एक्स-रे लावते तेव्हा मुळांचं अर्ध हाड गेलेलं असतं. तुमचे मिस्टर दाढा हलल्यावर डॉक्टरांकडे गेले, त्याआधी नाही, यात त्यांचा हलगर्जीपणा कमी आणि या लपवाछपवीचा भाग जास्त आहे. त्यांना दोष देण्याआधी हे लक्षात घ्या.

सिगारेट सुटली किंवा बरीच कमी झाली की हिरडीचा रक्तपुरवठा काही आठवड्यांत परत यायला लागतो. सोडणाऱ्यांच्या हिरड्यांतून पहिल्या महिना-दीड महिन्यात रक्त वाढतं, हे अभ्यासांतही दिसलंय आणि मी खुर्चीजवळ उभी राहून अनेकदा पाहिलंय. म्हणजे जी सूज आधीपासून होती ती आता दिसायला लागली. क्लिनिंगनं हिरडी बिघडली असती तर पॉकेट्स वाढली असती. तुम्ही लिहिलंय त्यात तसं नाही, काही ठिकाणी ती राहिली आहेत एवढंच.

पण म्हणून हे रक्त चांगलंच असं समजून सोडूनही देऊ नका. रक्त येतंय त्या जागी सूज अजून आहे, आणि ती सूज जायला हवी. कधी खोल पॉकेटच्या तळाशी दगडासारखा थर राहून गेलेला असतो. कधी पेशंट रक्ताला घाबरून नेमका तिथेच ब्रश लावत नाही, मग सूज वाढते, मग रक्त आणखी येतं. कधी रक्त पातळ करणारी गोळी चालू असते आणि ती दाताच्या डॉक्टरांना सांगितलेली नसते. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही: साखर. चाळिशीचा माणूस, बैठं काम, हलणाऱ्या दाढा, एवढं असलं की मी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. मधुमेह आणि सिगारेट एकत्र असतील तर माझं सगळं गणित बदलतं. ही एक तपासणी या आठवड्यात करून घ्या.

आता सासूबाईंची मिश्री. त्यांचा हेतू मायेचा आहे आणि अनुभवही खोटा नाही, मिश्रीनं हिरड्या घट्ट वाटतात हे खरं. पण मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच. ती चोळली की निकोटिन थेट हिरडीत जातं, जागा थोडी बधिर होते, रक्त थांबतं. म्हणजे मी वर सांगितलेली तीच लपवाछपवी, फक्त धुराशिवाय. आपल्या राज्यात हा प्रश्न सिगारेटपेक्षा मोठा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. सासूबाई स्वतः लावत असतील तर त्यांनाही एकदा तपासायला न्या. गालात किंवा ओठाच्या आत पांढरा चट्टा आहे का, हे बघणं हिरड्यांपेक्षाही महत्त्वाचं.

पाच चालतील का? चौदापेक्षा पाच बरी, यात वाद नाही. मिस्टरांनी स्वतःहून एवढं केलंय, त्याबद्दल घरातल्या कुणीतरी त्यांना शाबासकी द्यायला हवी. पण हिरडीच्या हिशेबात पाच म्हणजे शून्याच्या जवळ नाही. अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात झालेल्या मोठ्या आरोग्य पाहणीचे आकडे मी पेशंटना नेहमी सांगते. त्यात ओढणाऱ्यांमध्ये हिरड्यांच्या आजाराची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ चौपट दिसली. रोज नऊ किंवा त्याहून कमी ओढणाऱ्यांमध्येसुद्धा ती पावणेतीन पटींच्या आसपास होती, आणि ३१ किंवा जास्त ओढणाऱ्यांमध्ये सहापटीच्या जवळ. म्हणजे कमी केल्यानं फायदा होतो, पण पहिल्या काही सिगारेटीच बराचसा घात करतात. शिवाय संख्या कमी केली की माणूस नकळत झुरके खोल घेतो, सिगारेट शेवटच्या टोकापर्यंत ओढतो. पाचची नोंद होते, शरीरात मात्र त्याहून जास्त माल जातो.

२०१८ पासून आम्ही हिरड्यांच्या आजाराची जी वर्गवारी वापरतो तिच्यात सिगारेट थेट मोजली जाते. रोज दहाच्या खाली असेल तर आजार मध्यम वेगाचा धरायचा, दहा किंवा जास्त असेल तर वेगानं वाढणारा. मिस्टर इतकी वर्षं दुसऱ्या गटात होते, आता पहिल्यात आले. त्या वर्गवारीत सर्वांत सौम्य गटाचा दरवाजा फक्त न ओढणाऱ्याला उघडतो.

हे असं का होतं, तेही सांगते, कारण कारण कळलं की माणूस लवकर ऐकतो असा माझा अनुभव आहे. डीप क्लिनिंग हे अर्धंच काम असतं. आम्ही मुळावरचा थर खरवडून काढतो, मूळ गुळगुळीत करतो आणि थांबतो. पुढचं काम शरीराचं: पांढऱ्या पेशींनी उरलेले जंतू संपवायचे, हिरडीतल्या पेशींनी नवे तंतू विणायचे, आणि हिरडीनं मुळाला पुन्हा घट्ट चिकटायचं. धूम्रपानानं या प्रत्येक पायरीवर अडथळा येतो. पांढऱ्या पेशी जागेवर पोचायला उशीर करतात आणि पोचल्या तरी जंतू नीट गिळत नाहीत. तंतू विणणाऱ्या पेशी मंदावतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. न ओढणाऱ्याच्या सहा-सात मिलिमीटरच्या पॉकेटमध्ये नीट क्लिनिंगनंतर साधारण दोन मिलिमीटरची सुधारणा मी धरून चालते. ओढणाऱ्यात तेवढी येत नाही, विशेषतः वरच्या जबड्यात आणि टाळूच्या बाजूला. मिस्टरांची राहिलेली पॉकेट्स नेमकी तिथेच असतील तर मला जराही आश्चर्य वाटणार नाही. त्यांच्या डॉक्टरांनी काम कच्चं केलं असा निष्कर्ष काढू नका. तेच हात, तीच अवजारं, पण माझ्याकडेही ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या पेशंटचे तीन महिन्यांनंतरचे आकडे वेगवेगळे येतात.

आणि म्हणूनच ‘सर्जरीनंतर किती दिवस’ या प्रश्नाचं उत्तर मी उलट्या बाजूनं देते.

फ्लॅप सर्जरीत हिरडी उघडतो, डोळ्यांनी बघत मुळं साफ करतो, हाडाचा आकार बघतो आणि टाके घालून हिरडी जागेवर बसवतो. टाके आठवडा-दहा दिवसांत निघतात, म्हणून लोकांना वाटतं जखम दहा दिवसांत बरी झाली, आता एखादी चालेल. वरचं कातडं तेवढ्यात बरं होतं. आतलं जोडकाम कित्येक महिने चालतं. दहा दिवस बंद ठेवून अकराव्या दिवशी सुरू केली तर टाके उसवणार नाहीत, दुखणारही नाही, पण सहा महिन्यांनी मोजल्यावर पॉकेट्स परत आलेली दिसतील. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशा सर्जरी केल्या आहेत. पेशंट म्हणायचा, ‘सोडतो, डॉक्टर, तुम्ही करून टाका,’ आणि मी करायचे. एका गृहस्थांच्या खालच्या दाढेत हाडाची पूड आणि पडदा घातला होता. चौथ्या आठवड्यात पडदा उघडा पडला, जंतुसंसर्ग झाला आणि सगळं काढावं लागलं. त्यांचे पैसे गेले, वेळ गेला, आणि मी आधीच ठाम राहायला हवं होतं ही बोच मला अजून आहे. तेव्हापासून ओढणाऱ्या पेशंटमध्ये मी हाड भरण्याची सर्जरी करतच नाही. साध्या फ्लॅपसाठीही आधी सिगारेट सुटलेली मला बघायची असते.

हा माझा हट्ट नाही. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीची २०२० ची उपचारपद्धती पायऱ्यांची आहे. घासण्याची सवय सुधारणं आणि तंबाखू सोडवणं पहिल्या पायरीवर, खोल क्लिनिंग दुसऱ्या, सर्जरी तिसऱ्या. मिस्टरांची दुसरी पायरी झाली आणि पहिली अर्धी राहिली. म्हणून त्यांच्या जागी माझा पेशंट असता तर मी म्हटलं असतं: सर्जरीची तारीख घेऊ नका, सिगारेट सोडायची तारीख घ्या. त्या दिवसापासून तीन महिने पूर्ण बंद, मधे राहिलेल्या पॉकेट्सची पुन्हा एकदा सफाई, आणि मग मोजू. अशा पेशंटमध्ये सहा मिलिमीटरची काही पॉकेट्स चारची झालेली मी पाहिली आहेत. मग सर्जरी एखाद्या कोपऱ्यापुरती उरते, कधी लागतही नाही. आणि लागलीच तर ती अशा हिरडीवर होते जी भरून यायला तयार आहे.

याला अपवाद आहेत. कुठे पू येत असेल, दात वेगानं हलायला लागला असेल, दाढेच्या मुळांच्या मधली जागा उघडी पडली असेल, तर तीन महिने थांबणं बरोबर ठरेलच असं नाही. त्यांच्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘तीन महिने थांबलो तर कुठल्या दाताला धोका आहे?’ त्यांनी दातांची नावं घेऊन उत्तर दिलं तर त्यांचं ऐका.

सोडायची कशी, हे मी हिरड्यांची डॉक्टर असूनही रोज बोलते, कारण त्याशिवाय माझं काम टिकत नाही. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड जातात: चिडचिड, झोप नीट नाही, लक्ष लागत नाही. तीन-चार आठवड्यांत हे ओसरतं. तलफ आली की ती काही मिनिटांचीच असते, पाच-दहा मिनिटं निघाली की जोर जातो. ऐरोलीच्या ऑफिसांतल्या पेशंटकडून मी ऐकते की अडचण सिगारेटची कमी आणि चारच्या कटिंगची जास्त असते. टीम खाली उतरते, टपरीवर चहा येतो, आणि हात आपोआप पुढे जातो. म्हणून पहिला महिना चहा जागेवर घ्या, किंवा न ओढणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याबरोबर घ्या, असं मी सांगते. ही छोटी गोष्ट वाटते, पण माझ्या पेशंटमध्ये जे टिकले त्यांतल्या बहुतेकांनी चहाची जागा बदलली होती.

नुसत्या मनोनिग्रहावर सोडू नका. निकोटिनची मदत घेण्यात कमीपणा नाही. ‘निकोटिन हिरडीला वाईट, मग निकोटिनचंच च्युइंगम कसं?’ असं तुम्ही विचाराल. धुरात निकोटिनबरोबर कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो रसायनं असतात, गममध्ये ती नसतात, आणि गम काही महिन्यांत बंद होतो. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा लागतो, नाहीतर २ मिलिग्रॅमचा. आपण साधा च्युइंगम चावतो तसा तो चावायचा नाही. चार-दोनदा चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचा, थोड्या वेळानं पुन्हा. ज्या बाजूला पॉकेट्स किंवा टाके आहेत ती बाजू टाळायची. चहा-कॉफी घेतल्यावर लगेच तोंडात टाकला तर निकोटिन नीट शोषलं जात नाही, पंधरा मिनिटं थांबायचं. दाढा हलत असतील तर मला गमपेक्षा निकोटिनची पट्टी (पॅच) बरी वाटते, ती दंडावर लागते, तोंडाशी संबंध नाही. हृदयाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर फॅमिली डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे, मिस्टरांनी स्वतः फोन करायचा. ई-सिगारेटचा विचारही नको, आपल्याकडे २०१९ पासून तिच्यावर बंदी आहे आणि हिरडीसाठी तिच्या बाजूनं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

आणि ताई, तुमच्यासाठी एक विनंती. खिसे तपासू नका, शर्टाचा वास घेऊ नका. मधेच एखादी ओढली गेली तर ती त्यांनी तुम्हाला येऊन सांगावी असं घरात वातावरण हवं. जे लपवायला लागतात ते आम्हालाही खोटं सांगतात, आणि मग मी चुकीच्या माहितीवर सर्जरीचा निर्णय घेते.

घासण्याबद्दल थोडक्यात. मऊ ब्रश, हिरडी आणि दात यांच्या रेषेवर तिरका, ४५ अंशांच्या आसपास, लहान हालचाली. दातांमधल्या फटींसाठी छोटा इंटरडेंटल ब्रश, त्याचा आकार डॉक्टरांकडून मापून घ्या. रक्त येतं तिथे टाळायचं नाही, हलक्या हातानं पण रोज. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस, जास्त दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात. क्लिनिंगनंतर दात लांब दिसतायत, फटी पडल्यात असं त्यांना वाटत असेल तर ती सूज उतरल्याची खूण आहे, घाबरू नका.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही, पण सर्जरीचा आकडा ऐकून बरेच जण अर्ध्यावर सोडतात म्हणून सांगते. नेरूळ आणि कामोठ्याच्या दंत महाविद्यालयांत, मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात आणि सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. वेळ जास्त जातो, पण काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतं.

शेवटी त्या हलणाऱ्या वरच्या दाढा. त्या काढून इम्प्लांट (हाडात रोवलेला कृत्रिम दात) बसवा असं कुणी सुचवलं तर लगेच हो म्हणू नका. ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट फसण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असतं, आणि ज्या हाडात हा आजार झाला त्याच हाडात ते बसवायचं असतं. थोड्या हलणाऱ्या दाढा सूज उतरल्यावर बऱ्याचदा सावरतात, गरज पडली तर शेजारच्या दातांना बांधून ठेवता येतात. क्लिनिंगच्या आधीचा आणि तीन महिन्यांनंतरचा, असे दोन्ही मोजमापाचे चार्ट आणि एक्स-रे मिस्टरांच्या डॉक्टरांकडून मागून घ्या, आणि मिस्टरांनी शेवटची सिगारेट ओढली ती तारीख त्याच कागदावर वर लिहून ठेवा. पुढच्या मोजमापाला डॉक्टरांना ती तारीख सगळ्यात आधी दिसायला हवी.